आडोळीवरचा दिवा

अण्णांना दिव्यांचं वेड लागलं त्या वर्षी मी इंटरला होते. इंटरचं वर्ष म्हणजे पुढच्या आयुष्याचं सोनं नाहीतर माती, हे ज्या घरात मला उठता-बसता ऐकवलं जायचं, त्याच घरात रोज दिवेलागणीला माझ्या हातात खडू देऊन मला शेजारच्या गुप्त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीशी उभं केलं जायचं. अण्णा गाडीत बसून एकेक दिवा लावणार आणि उजेडाचा गोळा भिंतीवर जिथे पडेल तिथे मी खडूने खूण करणार, असा तो कार्यक्रम. डास पायांचे लचके तोडत असायचे. एका हाताने खूण करायची आणि दुसऱ्या हाताने पोटऱ्या बडवायच्या. "कुठे पडला ग?" अण्णा ओरडून विचारायचे. मी म्हणायची, "भिंतीवर!" "भिंतीवर पडला ते मलाही कळतं. कालच्या खुणेच्या वर की खाली?" "वर." "आणि तेज कसं आहे?" "डोळे दिपतात हो अण्णा, बंद करा आता." मग गाडीतून ठरलेलं वाक्य यायचं, "मला कमी वाटतंय." भिंत ठेंगणी होती, त्यामुळे अर्धा उजेड वरून थेट गुप्तेकाकूंच्या स्वयंपाकघरात शिरायचा. काकू पदराने डोळे झाकत खिडकीत यायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टर, मी शेगडी विझवू का? माझं पिठलं तुमच्या दिव्यावरच शिजेल!" अण्णा त्यांची माफी मागायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे.

आमचं घर बोरिवलीला, स्टेशनकडून वझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या दोन खोल्यांत अण्णांचा दवाखाना आणि मागे आम्ही. मधल्या दारात उभं राहिलं की एका नाकपुडीत कार्बोलिक आणि दुसरीत तळलेले बोंबील असा वास यायचा. कंपाउंडर सावंत दिवसभर खलात काहीतरी घोटत बसायचे. त्या खटखटीवर मी अभ्यास करायला शिकले होते, आणि खटखट थांबली की माझंच लक्ष उडायचं. थोरला भाऊ नोकरीसाठी कलकत्त्याला गेलेला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. स्टेशनच्या आसपास चार विजेचे खांब होते. ते संपले की पुढे ताडांची रांग, वाड्या, भातखाचरं, मिठागरं आणि अंधार. त्या अंधारातच अण्णांची खरी प्रॅक्टिस होती. एक्सर, शिंपोली, कांदिवलीच्या अलीकडच्या वाड्या, गोराईच्या धक्क्याकडची वस्ती, इथली माणसं दिवसभर राबायची आणि आजारपण संध्याकाळपर्यंत अंगावर काढायची. मग दिवेलागणीला कोणीतरी धावत यायचं, "डॉक्टर, चला." अण्णा गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं. त्याच सुमाराला स्टेशनसमोर एका तरुण डॉक्टरने पाटी लावली होती. त्याच्याकडे मोटारसायकल होती आणि ती आमच्या घरावरून जाताना मुद्दाम जास्त आवाज करते, असं आईचं ठाम मत होतं. अण्णा त्याच्याबद्दल वाईट बोलत नसत. एवढंच म्हणायचे, "डॉक्टर अंधार पडल्यावर येत नाही असं एकदा गावात झालं, की मग त्याला दिवसाही कोणी बोलावत नाही." हे वाक्य त्या वर्षी त्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की ते जेवताना ताटावर बसल्या बसल्या म्हणू लागले की मी वाढून घ्यायला आत जायची.

गाडी काळी, विलायती, लढाईच्या आधीची, एका पारशी वकिलाकडून आलेली. तिचे स्वतःचे दोन हेडलाइट होते आणि ते ठणठणीत होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. तरी एका रविवारी अण्णा चोरबाजारातून दोन पिवळे दिवे घेऊन आले. धुक्यात लावायचे म्हणे. आईने विचारलं, "अहो, बोरिवलीला धुकं कुठे पडतं?" अण्णा म्हणाले, "पडलं तर?" मग लष्कराच्या मोडीतला एक मोठा लांब पल्ल्याचा दिवा आला, घमेल्याएवढा. तो बंपरच्या मधोमध बसवायचा तर नंबराची पाटी झाकली जाते, म्हणून पाटी खाली आली. पाटी खाली आली म्हणून भोंगा बाजूला गेला. भोंगा बाजूला गेल्यावर बॉनेट पूर्ण उघडेना. बॉनेट उघडावं म्हणून पिवळ्यांपैकी एक दिवा मडगार्डवर चढला आणि मडगार्डवरचा आरसा काढून दारावर लावावा लागला, आणि आता दार उघडलं की आरसा काचेवर आपटायचा. काचेच्या वर उन्हासाठी पत्र्याची झडप, मागे उलटं जाताना लागणारा दिवा, आत वेग नि वीज दाखवणाऱ्या घड्याळांच्या शेजारी स्विचांची ओळ. कुठला स्विच कशाचा हे कळावं म्हणून सावंतांनी औषधाच्या बाटल्यांची लेबलं कापून चिकटवली. 'पुढचा मोठा' या अक्षरांच्या खाली 'बाटली हलवून घ्यावी' हे छापील शब्द तसेच राहिले होते.

हे सगळं करणारा इनास. चर्चमागच्या गावठाणात फणसाच्या झाडाखाली त्याचं गॅरेज होतं. त्याच्या आईचा टायफॉइड अण्णांनी काढला होता, त्यामुळे अण्णांना नाही म्हणायची त्याची ताकद नव्हती, पण कुरकुर करायची भरपूर होती. "डॉक्टर, ही गाडी हाय का वरात?" तो म्हणायचा. "तुमी बोलला तर मी चाकाला पन दिवा लावतो. पन डायनॅमो एवढासा हाय. ब्याटरी मरनार, मी सांगून ठेवतो." असं म्हणत म्हणत तोच मडगार्डला नवं भोक पाडायचा. दिवा बसला की अण्णा त्याच्या अगदी समोर उभे राहून काचेत बघायचे. इनास त्यांचा हात धरून बाजूला ओढायचा आणि म्हणायचा, "काय करता डॉक्टर, डोले जातील!" अण्णा हसायचे.

बॅटरी मरायचीच. रात्री व्हिजिटवरून आले की सकाळी गाडी ढिम्म. मग हँडल मारायचं, आणि हँडलने नाही ऐकलं तर ढकलायची. ढकलायला कोण? सावंत, मी, आणि त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर जो कोणी बसला असेल तो. पोटदुखीने वाकलेली माणसं मी आमची गाडी ढकलताना पाहिली आहेत. एकदा एक म्हातारे गृहस्थ खोकत खोकत ढकलत होते आणि अण्णा आतून त्यांना विचारत होते, "कफ सुटतोय का?" मी कॉलेजची साडी नेसून, वेणीत अबोली माळून, दोन्ही हात त्या काळ्या पत्र्याला लावून वाकलेली, आणि समोरून गुप्तेकाकू, त्यांच्या वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, शिवाय पेपर टाकणारा, सगळे बघतायत. लाज आणि संताप यांतलं जास्त काय वाटायचं ते सांगता येणार नाही. आता आमच्या त्याच जागेवर सात मजली इमारत आहे आणि खाली पार्किंगमध्ये माझ्या नातवाची गाडी असते. तिला असे पांढरेफेक दिवे आहेत की समोरचा माणूस आंधळा व्हावा. मी काही म्हटलं की तो सांगतो, "आजी, सेफ्टी असते." मी गप्प बसते, कारण एकदा मी सुरू झाले की त्याला ऑफिसला उशीर होतो.

माझ्या वैतागाचं दुसरं कारण आई. आईला गाडी कधीच आवडली नाही. पेट्रोलच्या वासाने तिला मळमळायचं. लग्नकार्याला जायचं तरी ती म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, मी टांग्याने येते. पण त्या वर्षी, दिवे यायच्या थोडं आधीपासून, ती अण्णांबरोबर संध्याकाळच्या व्हिजिटला जायला लागली. का, तर म्हणे हवा लागते. शिवाय म्हणे बाळंतिणीपाशी बाईमाणूस असलं की बरं. गालात आलेपाकाची वडी धरून, पदर नाकाला लावून ती पुढे अण्णांच्या शेजारी बसायची आणि घरातली सगळी संध्याकाळ माझ्या गळ्यात टाकून निघून जायची. भिजवलेले वाल सोलायचे ते मी, भाकऱ्या थापायच्या मी, वर इंटरही माझंच. एकेक वाल चिमटीत धरून दाबायचा, साल या भांड्यात, दाणा त्या भांड्यात, आणि मांडीवर लॉजिकचं पुस्तक. त्यातून मी कधी त्यांच्याबरोबर गेलेच, तर त्या प्रवासासारखी शिक्षा नव्हती. आई एक क्षण गप्प बसत नसे. "अहो, डावीकडे गाय आहे." "सायकलवाला आला." "आता वळण येईल, हळू." "म्हशी आहेत हो, मधोमध." अण्णा प्रत्येकाला उत्तर द्यायचे. "मला काय दिसत नाही?" "गाय गेल्या महिन्यापासून तिथेच आहे." "तूच ये इथे आणि धर चाक." एक्सरला जाऊन परत येईपर्यंत ही जुगलबंदी चालायची. मागच्या सीटवर मी कानात बोटं घालून बसायची आणि मनात म्हणायची, लग्न केलं तर चालत जाणाऱ्या माणसाशी करीन.

श्रावण संपत आला तेव्हा अण्णांना आणखी एक दिवा हवासा झाला. हा आईच्या बाजूला, काचेच्या कडेला, रस्त्याची डावी कड दाखवणारा. पण तिथे गाडीचा पत्रा असा काही वळलेला होता की सरळ पट्टी बसेना. इनास म्हणाला, वाकडं, जाड, मजबूत लोखंड पायजे, तसं माझ्याकडे नाय. अण्णांनी विचार केला, शिडी लावली, माळ्यावर चढले आणि आडोळी काढून आणली. आडोळी म्हणजे आमची विळी. खाली लाकडी पाट, त्यातून वर आलेलं जाड लोखंडी पातं आणि टोकाला नारळ खवायचा दातेरी गोल. रोजच्या वापरातली नव्हे. ही आईच्या आजीची, देवगडहून आलेली, कापडात गुंडाळून ठेवलेली. ती वर्षातून एकदाच निघायची, गणपतीत, मोदकांचं खोबरं खवायला. तिचं खोबरं वेगळंच पडतं, लोकरीसारखं, असं आई सांगायची. अण्णांना वाटलं, माळ्यावर आहे म्हणजे अडगळ आहे. इनासने पात्याची धार घासून काढली, मान गाडीच्या कडेला बोल्टांनी आवळली आणि त्या दातेरी गोलावरच दिवा बसवला. इतका फक्कड बसला की तो स्वतःवरच खूश होऊन विडी ओढायला बसला. रिकामा पाट अण्णांनी पुन्हा कापडात गुंडाळून जागच्या जागी ठेवून दिला, हे त्यातल्या त्यात मोठं.

चतुर्थीच्या सकाळी आईने ते कापड सोडलं. समोर फोडलेले नारळ, चुलीवर उकडीचं पाणी, आणि हातात नुसता एक भोक पडलेला पाट. आधी तिला कळेचना. तिने कापड झटकलं, माळ्यावर मलाच पुन्हा चढवलं. मग कशी कोण जाणे, ती दवाखान्यातून सरळ बाहेर गेली, पेशंट बघतायत याचीही पर्वा न करता गाडीपाशी उभी राहिली आणि त्या दिव्याखालचे दाते तिने बोटाने चाचपले. अण्णा मागे धावले. "अगं, मला वाटलं..." म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आत येऊन तिने रोजच्या विळीवर नारळ खवले, मोदक केले, गणपती बसला, दीड दिवसाचा उठलाही, पण आई अण्णांशी एक शब्द बोलली नाही.

आमच्या घरातला अबोला नियमाने चालायचा. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, धोतर घडी करून खुंटीवर. फक्त बोलायचं ते तिसऱ्या माणसामार्फत, आणि तिसरी मी. अण्णा हाताच्या अंतरावर उभे आणि आई मला सांगणार, "सांग तुझ्या वडिलांना, पाणी काढलंय." मी सांगणार, "अण्णा, पाणी काढलंय." अण्णा म्हणणार, "विचार तिला, पंचा कुठे आहे." पंचा त्यांच्या खांद्यावर. मी लॉजिक शिकत होते आणि घरात हे असं. एकदा मी म्हटलं, "तुम्ही दोघं समोरासमोर आहात, मला कशाला मध्ये घालता?" तर दोघंही एकदम माझ्यावरच उखडले. तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली.

गौरी-गणपती उठायच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, एक्सरहून एक माणूस धापा टाकत आला. त्याची सून अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते. अण्णांनी बॅग उचलली. मी मनात म्हटलं, आज आई जाणार नाही, आज निदान वाल तरी ती सोलेल. तर आई आतून पदर खोचून आली, गालात वडी, पायात चपला, आणि मला म्हणाली, "चल तू."

"मी? मला उद्या ट्युटोरियल आहे आई."

"चल म्हटलं ना."

"मी येऊन काय करू तिथे?"

"गाडीत बस," आई म्हणाली. तिचा तो आवाज ऐकल्यावर पुढे बोलण्यात अर्थ नसायचा. तो माणूस आमच्याबरोबर थांबला नाही, सुईणीला सांगतो म्हणून आडवाटेने पळत पुढे गेला.

अण्णांनी होते नव्हते ते सगळे दिवे लावले. अजून पुरता अंधार पडला नव्हता, आभाळ भरून आलेलं, खाचरांत भात मांडीएवढं वाढलेलं आणि आमची गाडी मखरासारखी उजळलेली. खांब संपले तशी आई सुरू झाली. पण अबोला होता ना!

"सुमे, सांग तुझ्या वडिलांना, डावीकडे बैलगाडी आहे."

"अण्णा, डावीकडे बैलगाडी आहे."

"सांग तुझ्या आईला, मला दिसते आहे."

"आई, त्यांना दिसते आहे."

"सांग, पुढे रस्ता खचलाय, उजवीकडून घ्या म्हणावं."

"अण्णा, रस्ता खचलाय, उजवीकडून घ्या. अरे देवा, मला उतरवा कुणीतरी!"

"सांग तिला, हा रस्ता मी वीस वर्षं ओळखतो."

असं चाललं होतं. इंजिनाची घरघर, बेडकांचा आवाज, आणि माझं हे तारखात्याचं काम. इनास म्हणायचा तशी बॅटरी तेवढ्या दिव्यांना पुरत नव्हती, विजेच्या घड्याळातला काटा पार डावीकडे जाऊन पडला होता, तरी अण्णा एकही दिवा बंद करीनात. मी वैतागून डोळे मिटून घेतले. तळ्याच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे खाचरं. गणपती नेताना माणसं वाजतगाजत जातात, टाळ, झांजा, लांबून ऐकू येतं. पण विसर्जन करून परतताना कोणी वाजवत नाही. रिकामा पाट डोक्यावर, पाटावर तळ्यातली मूठभर वाळू, आणि सगळे गप्प. तसं एक कुटुंब रस्त्याच्या मधून येत होतं. पाट घेतलेला म्हातारा, मागे बायका, कडेवर आणि बोटाला धरलेली पोरं. आमचा सगळा उजेड त्यांच्या अंगावर पडला तशी ती दिपून जागच्या जागी उभी राहिली.

"सुमे, सांग त्यांना, समोर..." आई म्हणाली. मी डोळे उघडले. तोंड उघडायच्या आत तिने माझा नाद सोडला आणि जन्मात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडली, "अहो, माणसं! माणसं आहेत! डावीकडे घ्या, डावीकडे!"

एरवी तिच्या प्रत्येक वाक्याला उलट उत्तर देणाऱ्या अण्णांनी त्या वेळी काही विचारलं नाही. ती म्हणाली तिकडे त्यांनी चाक फिरवलं. गाडी बांधावरून खाली गेली, कलली, आणि भाताच्या चिखलात नाक खुपसून थांबली. इंजिन बंद पडलं. दिवे मात्र चालूच. भाताच्या पात्यांवर, पाण्यावर, उडणाऱ्या किड्यांवर सगळीकडे पिवळा उजेड, आणि मागच्या रस्त्यावर एक पोर भोकाड पसरून रडत होतं. त्या रडण्याने मला हायसं वाटलं, कारण ते जोरात रडत होतं.

पाट घेतलेला म्हातारा बांधावरून खाली उतरला. त्याने वाकून आत पाहिलं आणि अण्णांना ओळखलं. "डॉक्टर, तुमी? लागलं काय कुनाला?" मग तो गाडीच्या तोंडाकडे बघत राहिला, तिथे तो दिव्यांचा बाजार अजून जळत होता. त्याने विचारलं ते रागाने नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून. "एवढा उजेड पाडलात डॉक्टर, आनि आमी दिसलो नाय?"

अण्णांचे दोन्ही हात चाकावर होते. मला वाटलं, ते रस्ता अरुंद आहे म्हणतील, ब्रेक लागला नाही म्हणतील, सवयीने काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "नाही दिसलात, बाबा. अंधार पडायला लागला की मला दिसत नाही. वर्ष झालं." आणि मग त्यांनी हात पुढे करून चाचपत चाचपत, लेबलं लावलेले स्विच एकेक करून बंद केले.

मला रडू फुटलं. भीतीने, आणि खरं सांगायचं तर रागानेही. इतके दिवस मी खडू घेऊन त्या भिंतीशी उभी होते, डोळे दिपतात म्हणून ओरडत होते, आणि हा माणूस गाडीत बसून एवढंच बघत होता की आज तरी आपल्याला काही दिसतंय का. स्वतः डॉक्टर असून त्यांनी कोणाला डोळे दाखवले नव्हते, कारण दाखवले असते तर उत्तर मिळालं असतं. ते उत्तर नंतर शहरातल्या डॉक्टरने दिलंच. डोळ्याच्या पडद्याचा आजार, आधी संध्याकाळ जाते, मग हळूहळू बाकीचं. त्यावर औषध नव्हतं. आई मात्र तिथे चिखलात उभी राहून एकदाही "अगोबाई" म्हणाली नाही. मला वाटलं, तिला अजून नीट उमगलेलं नाही. तिने बॅग काढली, पदर पुन्हा खोचला आणि अण्णांचा हात धरला. नवऱ्याचा हात धरून रस्त्यातून जाणारी बाई मी तोवर बोरिवलीत पाहिली नव्हती. पाटवाला म्हातारा कंदील पेटवून पुढे, मागे हे दोघं, मागे चिखलाने भरलेली मी, असे आम्ही एक्सरला चालत गेलो. "दगड आहे," आई म्हणत होती. "पाणी आहे, उजवा पाय टाका." अण्णा उलट उत्तर देत नव्हते. झोपडीत पोचल्यावर त्यांनी कंदील अगदी जवळ धरायला लावला आणि मग त्यांचे हात नेहमीसारखे चालले. मुलगी झाली. तिच्या आजोबांनी आमच्या ओंजळीत खिरापत घातली, आणि ती खाताना माझ्या लक्षात आलं की अबोला सुटलाय.

दुसऱ्या दिवशी बैलांनी गाडी ओढून काढली. अण्णांनी इनासला बोलावलं आणि सांगितलं, सगळं काढ. इनासने मान खाली घालून एकेक दिवा सोडवला. भोकं बुजवली नाहीत. ती गाडीला शेवटपर्यंत राहिली, पावसात त्यांतून पाणी गळायचं. आडोळीची मान पुन्हा पाटावर बसवली, पण तिची धार गेली होती आणि ती जराशी डुगडुगायची. आईने पुढची कित्येक वर्षं त्याच डुगडुगत्या आडोळीवर मोदकांचं खोबरं खवलं आणि दर वर्षी खवताना अण्णांना ऐकवलं. अण्णांनी दवाखान्यात येईल त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायला सुरुवात केली, की मला संध्याकाळनंतर दिसत नाही, तुम्ही त्या तरुण डॉक्टरला बोलवा. काही जण गेले. बरेचसे गेले नाहीत. त्यांनी कंदील घेऊन माणूस पाठवायला सुरुवात केली, कधी बैलगाडी. पण गाडी अंगणात पडून, आणि अण्णा बैलगाडीत बॅग मांडीवर घेऊन हिंदकळत चाललेत, हे मला बघवेना. इंटरची परीक्षा झाली त्या आठवड्यात मी म्हटलं, मला गाडी शिकवा.

इनास शेजारी बसून गळ्यातला क्रॉस मुठीत धरायचा आणि अण्णा मागे बसून कानाने शिकवायचे. "गिअर रडतोय, सुमन. बदल." "आता मोकळी पळते आहे, सोड क्लच." जूनच्या आधी मला लायसन मिळालं. गुप्तेकाकू म्हणाल्या, "आता हिला स्थळ कसं मिळणार?" आई म्हणाली, "गाडीवाली मुलगी आहे, बघू की."

संध्याकाळची माझी पहिली व्हिजिट शिंपोलीची. गाडीला तिचे स्वतःचे दोनच दिवे. अण्णा बॅग घेऊन मागे बसले, आई त्यांच्या शेजारी, गालात वडी. मी मनाची तयारी करून ठेवली होती. आता सुरू होईल, म्हटलं, गाय, सायकल, वळण, आणि मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. खांब संपले. डाव्या बाजूने म्हशींचा अख्खा कळप आला. मागे शांत. बिनदिव्याचा एक सायकलवाला अगदी अंगावरून गेला, तरी शांत. रस्ता खचला होता तिथे मी ब्रेक लावून उजवीकडून घेतलं. मागून हूं की चूं नाही. मला त्या शांततेचाच वैताग यायला लागला. शेवटी न राहवून मी म्हटलं, "काय ग आई, आज एक शब्द नाही? आता माझ्याशी अबोला धरलायस का?"

आईने वडी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"तुला दिसतंय ना?" ती म्हणाली. "मग मी कशाला बोलू?"